बावीस वर्षांचं विरजण

मृत्युपत्राचा विषय निघाला की निनाद केळसकर हसायचा. "मी काय मरायला टेकलोय?" म्हणायचा आणि पानात आणखी थोडा भात वाढून घ्यायचा. मग एका मार्चमध्ये, वर्षातली ठरलेली महिनाभराची फेरी म्हणून दापोलीला आलेला असताना, दुपारी जेवून जरा आडवा झाला तो उठलाच नाही. वय सहासष्ट. परतीच्या विमानाला अजून बारा दिवस होते. त्याची बायको वृषाली मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होती. चार वाजून गेले तरी चहासाठी हाक कशी आली नाही, याचंच तिला आधी नवल वाटलं.

दापोलीचं घर पहिल्यापासून तिच्याच नावावर होतं. प्रश्न होता तो समुद्रापलीकडच्या दोन एकरांचा.

हिंदी महासागरात पार दक्षिणेला सेंट ओडील नावाचं चिमुकलं बेट आहे. निनाद चोवीस वर्षांपूर्वी तिथं गेला, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून. दोन वर्षांनी त्यानं उसानं पिळून काढलेला जमिनीचा एक पडीक तुकडा घेतला आणि त्याच्या नादी लागला तो कायमचाच. निवृत्त झाल्यावरही परतला नाही. "माती आत्ता कुठं वळणावर येतेय, सोडवत नाही," म्हणायचा.

वृषाली तिकडे एकदाही गेली नाही. आधी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग तिची शाळा, मग मुलीचं लग्न, बाळंतपण. कारणं सगळी खरी होती. पण त्यांच्या तळाशी एक बारीकसं कारण होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. निनाद पहिल्यांदा निघाला तेव्हा तिनं पंच्याचा स्वच्छ तुकडा घरच्या दह्यात बुचकळून, सावलीत खडखडीत वाळवून त्याच्या बॅगेत ठेवला होता. तिकडे गेल्यावर तो कोमट दुधात सोडायचा, की घरच्यासारखं दही तयार. तिच्या आईनं शिकवलेली युक्ती होती ती. दोन महिन्यांनी तिनं फोनवर विचारलं, "लागलं का रे दही?"

"छे गं, फुकट गेलं. इथलं दूधच निराळं," तो म्हणाला. "तू ये एकदा, मग दाखवतो."

जिथं आपल्या हातचं विरजणसुद्धा धरत नाही तिथं आपलं काय काम, असं तेव्हा तिच्या मनानं घेतलं. मन एकदा असं काही घेऊन बसलं की त्याला तिथून उठवणं कठीण असतं. शिवाय गल्लीतले लोक. निवृत्त झालेला नवरा घरी येत नाही म्हणजे तिकडेही एक चूल मांडलेली असणार, हे तिच्या कानावर यायचं ते आलंच.

निनादनं दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. पण सेंट ओडीलचा कायदा मोठा विलक्षण होता. एके काळी बेटावरची अर्धी जमीन परदेशी लोकांनी घेऊन नुसती पाडून ठेवली होती. मालक मरायचे, त्यांच्या पोरांना बेट नकाशावर दाखवता यायचं नाही, आणि गावकऱ्यांना मात्र कुंपणाबाहेरूनच जावं लागायचं. म्हणून नियम झाला. परदेशी मालक मृत्युपत्राशिवाय गेला, तर त्याची शेतजमीन जोडीदाराला मिळेल, पण त्या मातीत जोडीदाराचा हात असला तरच. नाहीतर ती गावाची.

हात म्हणजे अक्षरशः हात. आपल्या प्रत्येकाच्या त्वचेवर जिवाणूंची एक वस्ती असते आणि कोणत्याही दोन माणसांची वस्ती अगदी सारखी नसते. उघड्या हातांनी मातीत राबणारा माणूस त्यातले काही जीव मातीत सोडतो. बरेच मरतात, काही तग धरतात, तिथल्यांशी जुळवून घेतात आणि त्यांची पोरंबाळं वाढतात. दर पिढीत जनुकांची नक्कल होताना थोड्या चुका होतात, त्याही साधारण ठरावीक वेगानं. त्या चुका मोजल्या की कोण कधी मातीत उतरलं ते कळतं. हे सगळं वाचणारं यंत्र मिक्सरएवढं होतं. चमचाभर माती घातली की पाऊण तासात ते त्या तुकड्यावर कोण कोण किती वर्षं राबलं ते सांगायचं.

अर्जावरचा प्रश्न असा होता: या जमिनीत पत्नीचा हात आहे काय? वृषालीलाही नेमकं तेच विचारायचं होतं. फक्त तिला ते दोन एकरांबद्दल विचारायचं नव्हतं, चोवीस वर्षांबद्दल विचारायचं होतं.

"आई, तू तिथं कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाहीस," मुलगी, ऋचा, नाशिकहून म्हणाली. "उत्तर आपल्याला माहीत आहे. कशाला दगदग करतेस?"

"बघून तरी येते," वृषाली म्हणाली. "चुकून निघालाच हात, तर ती जमीन मागणाऱ्या त्या हॉटेलवाल्यांना देऊन टाकू. चार दिवसांत परत."

निनाद गेल्यानंतर दीड वर्षानं, हरायचं आहे हे पक्कं माहीत असताना, ती निघाली.

शेताच्या फाटकाशी दोन बायका उभ्या होत्या. एक होती भूमी-कार्यालयाची अधिकारी कोरिन, पंचेचाळिशीची, हातात यंत्राची पेटी आणि चपलांना चिखल. दुसरी शेजारीण एस्तेल, निनाद गेल्यापासून शेत सांभाळणारी. एस्तेल हे नाव निनादच्या बोलण्यात वरचेवर यायचं, आणि वृषालीनं त्या नावावर मनातल्या मनात पुष्कळ दातओठ खाल्ले होते. प्रत्यक्षात एस्तेल अठ्ठ्याहत्तर वर्षांची निघाली. तोंडात मोजून चार दात, डोक्यावर गवती टोपी. तिनं पुढे येऊन वृषालीचे दोन्ही गाल धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

कानात बसवलेला दुभाषी लगेच जागा झाला. हे यंत्र मराठी कुठल्या पाठ्यपुस्तकातून शिकलं होतं देव जाणे. "आपले आगमन फार विलंबाने झाले, भगिनी," ते एस्तेलच्या वतीनं म्हणालं.

"हो, झाला खरा उशीर," वृषाली म्हणाली.

शेत बघून ती जरा चाट पडली. कुंपणापलीकडची जमीन फिकी, भेगाळलेली, आणि आतली काळीभोर. मधोमध व्हॅनिलाचे वेल, कडेनं अळू, एका मांडवावर चक्क वालपापडी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एकच खुर्ची होती. तिनं ती मोजली आणि मग आपण खुर्च्या मोजतोय याची तिची तिलाच लाज वाटली.

कोरिननं शेतातल्या नऊ जागांची माती घेतली. वृषालीच्या तळहातावरून कापसाचा बोळा फिरवला. मग तिघी पायरीवर बसून राहिल्या. पाऊण तासानं यंत्र दोनदा किणकिणलं.

"आपला हस्त या मृत्तिकेत आढळला नाही," दुभाषी म्हणाला. कोरिननं ते पुष्कळ हळुवारपणे सांगितलं असावं. यंत्राला हळुवारपणा जमत नव्हता.

वृषालीनं मान हलवली. हे होणारच होतं. ती पर्स उचलून उठायला लागली, तशी कोरिन पडद्याकडे बघत म्हणाली, "थांबा. इथं आणखी एक गोष्ट आहे. पतीचा हात आहे, बावीस वर्षांपासूनचा. मादाम एस्तेलचा आहे, एकोणीस वर्षं. आणि एक तिसरं कुळ आहे."

"तिसरं?"

"या बेटावरचं नाही. हेही बावीस वर्षांपासून आहे. दर आठवड्याला नव्यानं भर पडलेली आहे. नऊच्या नऊ जागी. खरं सांगायचं तर आपल्या पतीपेक्षाही जास्त."

वृषाली परत पायरीवर बसली. म्हणजे गल्ली खरं बोलत होती. बावीस वर्षं कुणीतरी इथं होतं. हे ऐकायला आपण एवढा समुद्र ओलांडून आलो, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला. निनादचा राग येईना, हे त्याहून वाईट होतं.

"कोण आहे ती?" तिनं विचारलं.

कोरिननं पडदा जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. "माणूस नाही दिसत. हे त्वचेवरचे जिवाणू नाहीतच. दुधातले आहेत."

दुभाषीनं हे वाक्य एस्तेलच्याही कानात तिच्या भाषेत सांगितलं असणार. कारण म्हातारी एकदम आपल्या चार दातांनिशी हसली, गुडघ्यांवर हात टेकून उठली, कुंपणापलीकडे आपल्या घरात गेली आणि फडकं बांधलेलं एक मडकं घेऊन आली. ते वृषालीच्या मांडीवर ठेवून तिनं फक्त एक शब्द म्हटला.

"दही."

दुभाषी गप्प राहिला. त्याची गरजच नव्हती.

वृषालीनं फडकं सोडलं. आधी वास आला. मग तिनं न विचारता, न चमचा मागता, बोटानं थोडं घेऊन जिभेवर ठेवलं. वर घाटावरचा दाटपणा आणि मागाहून कोकणातली ती जराशी झोंबरी आंबट चव. तिच्या घरचं दही. दापोलीतलं मडकं तिनं निनादच्या तेराव्यानंतर घासून फडताळात पालथं घातलं होतं. एकटीसाठी कोण लावतंय रोज. पिशवीतलं आणलं की झालं. ते विरजण तिच्या हातानं बंद पडलं होतं, आणि अपराध्यासारखी ती त्या फडताळाकडे बघायचं टाळायची. अन् इथं ते जिवंत होतं.

"पण तो तर म्हणाला फुकट गेलं," ती म्हणाली. "चोवीस वर्षं मला हेच सांगितलंन त्यानं."

एस्तेल बराच वेळ बोलत राहिली आणि दुभाषी आपल्या पुस्तकी मराठीत तिच्यामागून धापा टाकत धावला. त्याचा अर्थ असा होता. दही पहिल्याच दिवशी लागलं होतं. ही जमीन घेतली तेव्हा कुदळ उसळून परत यायची, इतकी मेलेली होती. निनाद दर शुक्रवारी ताक घुसळायचा, त्यात गूळ आणि मूठभर डाळीचं पीठ कालवायचा आणि झारीनं शेतभर शिंपडायचा. लोक हसायचे. चौथ्या वर्षी गांडुळं आली, मग लोक हसायचे थांबले. तो मार्चमध्ये घरी जायचा तेव्हा मडकं एस्तेलकडे असायचं. या वेळी तो परत आला नाही, म्हणून तिनं शुक्रवार चालू ठेवले.

"मी विचारलं होतं त्याला, बायकोशी खोटं का बोलतोस," एस्तेल म्हणाली. "तर म्हणाला, दही लागलं असं सांगितलं की तिला वाटेल याचं इथं बरं चाललंय, मग ती कशाला येते? खायचे हाल आहेत म्हटल्यावर दया येऊन तरी येईल एखाद्या वर्षी."

वृषाली मडक्याकडे बघत राहिली. तिची दया यावी म्हणून हा खोटं बोलत राहिला, आणि तेच खोटं मनाला लावून घेऊन ती आली नाही. दोघंही शहाणीसुरती, शिकलेली माणसं. तिला रडू फुटलं ते कोरिनसमोर आवरताच येईना, आणि आवरावंसंही वाटेना.

कोरिन वाट बघत बसली. मग म्हणाली, "मला एक विचारायला हवं, रागावू नका. हे दही पतीच्या आईचंही असू शकतं. मग ते त्याच्याच घरचं ठरेल, आपला हात ठरणार नाही. घराघरात त्या त्या घरचे जिवाणू असतात."

"यंत्राला कळेल?"

"घराणं कळेल."

मडक्यातलं चमचाभर दही यंत्रात गेलं. या खेपेला वेळ जास्त लागला. निकाल आला तेव्हा कोरिननं दोन्ही भुवया वर नेल्या. "यात एक घराणं नाही, दोन आहेत. एक गाईच्या दुधावर पोसलेलं, एक म्हशीच्या. जिवाणू शेजाऱ्याशी जनुकांची देवाणघेवाण करतात, त्याच्या खुणा राहतात. या दोघांची देवाणघेवाण सुरू झाल्याला एकोणचाळीस वर्षं झाली, एखादं वर्ष मागे-पुढे. तेव्हा काय झालं होतं?"

वृषालीनं पदरानं डोळे पुसले आणि तिला चक्क हसू आलं.

"माझं लग्न झालं होतं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. माहेर तासगावचं, दारात म्हशी. पाठवणीच्या वेळी आईनं डब्यातून विरजण दिलं होतं. तिसऱ्याच दिवशी सासूबाई देवळात गेलेल्या असताना नव्या सुनेनं हौसेनं ते सासरच्या दुधाच्या मडक्यात घातलं. त्यात आधीच सासूबाईंनी त्यांचं विरजण लावून ठेवलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या सासूच्या हातचं, पन्नास वर्षांचं विरजण. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी जेवताना पहिला घास घेतला आणि हात थांबवला. "अगो, काय केलंस हे? माझ्या सासूची चव घालवलीस." पाच दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. सहाव्या दिवशी शेजारच्या घरी विरजण देताना त्यांनी तिला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "आमच्या वृषालीचं आहे, दाट लागतं." पुढं सगळी आळी वाटी घेऊन तिच्याकडेच विरजण मागायला यायची.

"त्या मडक्यात दोन्ही मिसळली ती माझ्या चुकीनं," वृषाली म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातनं नाही."

"मग ते आपल्या हातावर कुठंतरी असायला हवं," कोरिन म्हणाली. "तळव्यावर नाही सापडलं."

"दीड वर्षं लावलं नाही मी."

वृषाली नकळत बोटातली अंगठी फिरवत होती. लग्नातली, वेलबुट्टीची. दही लावताना करंगळीनं दुधाचं कोमटपण बघायचं आणि त्याच हातानं विरजण कालवायचं, ही तिची सवय. सासूबाई आयुष्यभर मागे लागायच्या, आधी अंगठी काढ, नक्षीत दही अडकतं. तिनं कधीच काढली नव्हती. आता काढायला साबण लागला, एस्तेलनं खोबरेलासारखं काहीतरी तेल आणलं, आणि तिघींच्या खटपटीनं ती एकदाची निघाली. खाली बोटाला पांढरा वळ होता. कोरिननं टाचणीएवढ्या काडीनं नक्षीतला मळ काढला.

"जिवंत नसतील, पण मेलेल्यांचेही जनुकांचे धागे राहतात," ती म्हणाली.

यंत्र घरघरायला लागलं. वृषालीला आता हॉटेलवाले आठवत नव्हते, दोन एकर आठवत नव्हते. फक्त एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं, आणि ते तिनं मघाशी जिभेवर चाखलं होतं, तरी ते कुणीतरी लिहून द्यावं असं तिला फार वाटत होतं.

यंत्र दोनदा किणकिणलं. कोरिननं वाचलं, परत वाचलं आणि पेटीतून छापील अर्ज काढला.

"कायद्यात मालकिणीनं स्वतः आलं पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही," ती लिहिता लिहिता म्हणाली. "तिच्या हातचं जिवंत काहीतरी या मातीत किमान सात वर्षं..." पुढचा शब्द शोधायला दुभाषी क्षणभर अडखळला आणि मग पहिल्यांदाच त्याला चांगला शब्द सापडला. "...नांदलं पाहिजे."

अर्जावर दोन चौकटी होत्या, पत्नी उपस्थित आणि पत्नी अनुपस्थित. कोरिननं पहिल्या चौकटीत खूण केली आणि समोरच्या रिकाम्या जागेत आकडा घातला. वृषालीनं मोबाईल अर्जावर धरून ते मराठीत वाचलं. पत्नी: उपस्थित. बावीस वर्षे.

तिनं ते दोनदा वाचलं आणि सही केली.

संध्याकाळी ऋचाचा फोन आला. "काय झालं, आई? हॉटेलवाल्यांना काय कळवू?"

"विकायची नाही म्हणून कळव."

"अगं, पण करणार काय त्या जमिनीचं?"

"शुक्रवारी ताक घालायचं असतं तिला," वृषाली म्हणाली. "बाकीचं एस्तेल शिकवेल. पुढच्या महिन्यात मी परत इथं येणार आहे, तूही ये, पोराला घेऊन. मी चोवीस वर्षं लावली, तू नको लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं निनादच्या स्वयंपाकघरात दूध तापवलं, निववलं, करंगळी बुडवून पाहिली. अंगठी तिनं परत घातली होती. चमचाभर दही कालवून झाकण ठेवताना ती खिडकीतल्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "खोटारडा." मग तिथंच बसून दुपारपर्यंत शेत बघत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं निनादच्या कपाटातला एक धुतलेला पंचा काढला, वीतभर फाडला, दह्यात बुचकळला आणि वालपापडीच्या मांडवाखाली सावलीत वाळत टाकला. तो वाळेपर्यंत तिनं दापोलीला शेजारच्या सुमेधाला फोन लावला. गेल्या दीड वर्षात सुमेधा एकदाही वाटी घेऊन आली नव्हती. फडताळातलं मडकं पालथं आहे हे तिला माहीत होतं, म्हणून.

"परवा येतेय मी," वृषाली म्हणाली. "माझं मडकं काढून जरा उन्हात ठेवशील? आणि शनिवारी वाटी घेऊन ये."